पात्याची झीज मोजताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अभियांत्रिकीतलं पदव्युत्तर संशोधन म्हणजे नेमकं काय करायचं असतं, यावर मी बोलावं असं मला सुचवण्यात आलं आहे. हा प्रश्न मला सगळ्यात आधी माझ्या आईनं विचारला. अर्थात तिचे शब्द वेगळे होते. २०१५ साली मी एम.टेक. होऊन घरी आलो आणि आता पीएच.डी. करणार म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अजून किती वर्षं शिकशीन बाप्पा?"

या प्रश्नाला संशोधकाकडे कधीच खरं उत्तर नसतं. मी चार वर्षं म्हणालो. साडेपाच लागली.

मी वाशीम जिल्ह्यातल्या धनजचा, म्हणजे कारंजा तालुक्यातला. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कुठंकुठं पऱ्हाटी. नीती आयोगानं २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि त्यांत आमचा वाशीम होता. आकांक्षित हा शब्द मागास या शब्दापेक्षा कानाला बरा वाटतो, एवढं खरं. या गावातला मुलगा इंजिनिअर झाला तर लोकांना समजतं. धातुशास्त्र म्हणजे मेटलर्जी शिकतो म्हटलं, की समजेनासं होतं. आमच्या शेजारच्या एका काकांनी मेटलर्जीचं मेटिऑरॉलॉजी केलं आणि दर मृगाला मला विचारायचे, "काय म्हनते मग, यंदा पानी कसा?" सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. पुढे पुढे रेडिओवर ऐकलेला अंदाज सांगून मोकळा व्हायला लागलो. तो बरेचदा बरोबर निघायचा आणि माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत चांगलं व्हायचं.

संशोधनाच्या पदवीत आणि त्याआधीच्या सगळ्या शिक्षणात एक फरक आहे. एम.टेक.पर्यंत आपल्याला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं कुणाला तरी ठाऊक असतात. पेपर काढणाऱ्याला ती माहीत असतात, ग्रंथालयातल्या पुस्तकात ती असतात. संशोधनाला बसलात की प्रश्न तुम्हीच आणायचा, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर तुमच्या मार्गदर्शकालाही माहीत नसावं. हुशार मुलं इथंच अडखळतात. सोळा-सतरा वर्षं दुसऱ्यानं विचारलेलं सोडवायची सवय लागलेली असते. स्वतःला काय विचारायचं आहे, हे शोधण्यातच वर्ष निघून जातं.

मला प्रश्न घरात सापडला. माझा धाकटा भाऊ शेती करतो. मी शिकत राहिलो म्हणून त्याला बारावीनंतर शेतीकडं वळावं लागलं, हेही सांगून टाकतो. आमच्या घरात ते कुणी बोलून दाखवत नाही. त्यानं ट्रॅक्टर घेतला, मागं रोटाव्हेटर घेतला आणि भाड्यानं लोकांची शेतं करू लागला. रोटाव्हेटरला ३६ ते ४८ पाती असतात, इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली. ती मातीत गरागरा फिरतात, ढेकळं फोडतात आणि झिजतात. एके दिवशी भावानं झिजलेल्या पात्यांचं पोतं माझ्यापुढं ओतलं. एकाच दुकानातली, एकाच वेळी घेतलेली, एकाच यंत्राला लावलेली पाती होती. काही निम्मी झिजली होती, काहींना अजून धार होती आणि दोन मोडली होती. "तू लोखंडाचा डॉक्टर व्हाले निघाला नं, मंग सांग असं काऊन होते," तो म्हणाला.

हाच माझा प्रबंधाचा विषय झाला. प्रबंधावर त्याचं जे नाव छापलं आहे ते दोन ओळींचं आहे आणि त्यात 'पोतं' हा शब्द नाही.

आता थोडं धातूच्या पोटात शिरू. पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात अगदी थोडा कार्बन. रोटाव्हेटरच्या चांगल्या पात्यात शंभर किलोमागे पाव-अर्धा किलो कार्बन असतो आणि चिमूटभर बोरॉन असतो. हे पोलाद लालभडक तापवलं की कार्बनचे अणू लोखंडात विरघळून मोकळे हिंडतात. एसटीच्या गाडीची कल्पना करा. गाडी फलाटावर निवांत उभी असेल तर माणसं पिशव्या वर ठेवतात, जागा शोधतात, नीट बसतात. पोलाद हळूहळू थंड होऊ दिलं तर कार्बन असाच आपापल्या जागी बसतो, आणि ते पोलाद मऊ राहतं. पण माणसं चढत असतानाच गाडी धाडकन सुटली, तर जो जिथं आहे तो तिथंच, मधल्या वाटेत चेंगरून उभा राहतो. तापलेलं पोलाद एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कार्बनचं असंच होतं. अणू अडकून पडतात, सगळी रचना ताणाखाली येते. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात; आडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाचं नाव तिला दिलेलं आहे. ती अतिशय कडक असते आणि तितकीच ठिसूळ. म्हणून मग ते पोलाद पुन्हा थोडं, बेतानं तापवायचं. उभ्या प्रवाशांना जरा सरकून घ्यायला सांगावं, तसं. याला टेम्परिंग म्हणतात. किती तापवायचं, यावर सगळा खेळ असतो.

हे प्रयोगशाळेनं लावलेले शोध आहेत असं मात्र समजू नका. वऱ्हाडात लोहाराला खाती म्हणतात. आमच्या गावचे खाती विळा लाल करून पाण्यात बुडवायचे, त्याला ते 'पाणी देणं' म्हणायचे. मग विळ्याची धार घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा निखाऱ्यावर धरायचे. चकचकीत भागावर रंग चढत जातात. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. हवा तो रंग आला की झटकन विझवायचं. हे रंग म्हणजे पोलादावर आलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. जसा थर जाड होतो तसा रंग बदलतो, आणि थर किती जाड होईल हे तापमानावर ठरतं. म्हणजे खात्यांकडे तापमापक होताच, फक्त त्यावर आकडे नव्हते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सुटीत गावी आलो असताना मी विद्युत तापमापकाची तार घेऊन त्यांच्या भट्टीशी बसलो. गव्हाळ रंगावर विझवलेल्या तीन विळ्यांचं तापमान घेतलं. तिन्ही २३० अंश सेल्सियसच्या आसपास आले. पुस्तकातही या रंगाला साधारण हेच तापमान दिलेलं असतं.

त्यांना मी माझा विषय सांगितला. ते म्हणाले, "कडक केलं तं फुटते, नरम ठेवलं तं झिजते. मंधात पकडा लागते."

पारंपरिक ज्ञानाची भाषणांतून फार आरती ओवाळली जाते, त्यात मला भर घालायची नाही. मी खात्यांना विचारलं, तुमचे किती विळे फुटले? ते हसले. "फुटले त्याचा हिशोब कोनं ठेवला बाप्पा?" इतक्या प्रामाणिकपणे हे सांगणारा माणूस विरळा. ते ट्रकच्या जुन्या पाट्यांचं लोखंड वापरत. कुठला पाटा, कुठल्या कंपनीचा, त्यात काय मिसळलेलं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. चांगला झालेला विळा गावात वीस वर्षं दिसायचा, फुटलेला परत भट्टीत जायचा. हिशोब फक्त उरलेल्यांचा राहायचा. फुटलेल्यांचाही हिशोब ठेवायचा, एवढ्यासाठी मला साडेपाच वर्षं लागली, असं म्हटलं तरी चालेल.

विदर्भातलं लोखंड तर याहून खूप जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला १९७८ ते ८०च्या दरम्यान डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तिथं लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराची. नागपूरजवळच माहुरझरी आहे. तिथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांची वर्तुळं रचून केलेल्या दफनांत, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम निघाले. त्यातल्या एका पोलादी छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास पी. पी. देशपांडे, आर. के. मोहंती आणि वसंत शिंदे यांनी २०१० साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. देशपांडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातुशास्त्र विभागातले, बाकीचे दोघे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ. छिन्नी बनवणाऱ्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं. पण त्यानं लोखंड कसं तापवलं, कसं विझवलं, याची खूण धातूच्या पोटात राहते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचता येते. हे वाचण्याचं तंत्र इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनं १८६३च्या सुमारास आणलं. धातूचा तुकडा आरशासारखा घासायचा, त्यावर सौम्य आम्ल लावायचं आणि वरून प्रकाश पाडून बघायचं.

आजही आम्ही तेच करतो. संशोधनाला बसलेल्या मुलाचा दिवस कसा जातो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे, घासण्यात. पात्याचा नखाएवढा तुकडा कापायचा, तो गरम होऊ न देता, कारण गरम झाला की जे बघायचं तेच बदलतं. बॅकेलाइटच्या गोळीत तो बसवायचा. मग जाड एमरी पेपर, त्याहून बारीक, त्याहून बारीक. दर वेळी तुकडा नव्वद अंशांत फिरवायचा, आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. शेवटी फिरत्या कापडावर हिऱ्याची पेस्ट. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक आम्ल, ते काही सेकंद लावायचं. दोन सेकंद जास्त झाले की तुकडा काळा पडतो आणि पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या उजव्या हाताच्या बोटांचे ठसे गुळगुळीत झाले होते. आधार कार्डाच्या यंत्रानं मला ओळखायला नकार दिला, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बांधकामावर असता का?"

हे सगळं करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळायला तीन-तीन आठवडे थांबावं लागायचं. असं यंत्र फार महाग असतं, वापरणारे पुष्कळ असतात. आपल्या वाट्याला आलेल्या दोन तासांत वीज गेली तर नंबर पुन्हा शेवटी.

माझ्या कामाला दुसरीही एक घड्याळ होती, पावसाची. प्रयोगशाळेत झीज मोजायची ठरलेली पद्धत आहे. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेनं तिला जी-६५ असा क्रमांक दिला आहे. रबराचं चाक फिरतं, त्यावर नमुना दाबून धरतात आणि मधून वाळूची धार सोडतात. किती ग्रॅम झिजलं ते मोजायचं. सुटसुटीत काम, चार भिंतींच्या आतलं. पण धनजच्या शेतात वाळू नाही. काळी माती बेसॉल्टची आहे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. त्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या तयार झालेल्या असतात. पाषाण झिजून माती होतो, पण गारगोट्या तशाच उरतात. नांगरटीला त्या वर येतात. लहानपणी आम्ही त्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो. गारगोटी कडक केलेल्या पोलादावरही ओरखडा काढते. तेव्हा पातं मऊ मातीत काप-काप कापत जातं आणि मध्येच त्याला एक टोला बसतो. वाळूच्या धारेत टोला नसतो.

म्हणून शेतात मोजायचं ठरलं. तीन प्रकारे टेम्परिंग केलेली पाती मी तयार करून घेतली. काही २०० अंशांना, काही ३५० ला, काही ५०० ला. प्रत्येकावर क्रमांक ठोकला, वजन केलं आणि भावाच्या रोटाव्हेटरला लावली. ही चाचणी वर्षातून दोनदाच होऊ शकते, सोयाबीन निघाल्यावर आणि पेरणीच्या आधी. दुसऱ्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर पाऊस थांबलाच नाही. शेतात ट्रॅक्टर रुतत होता, भाऊ म्हणाला जमणार नाही. सहा महिने गेले. माझ्याबरोबर लागलेल्या एका मित्राचा विषय संगणकावरचा होता, त्याचे तेवढ्यात दोन शोधनिबंध झाले. संशोधनाला बसणाऱ्यांना मी सांगतो, विषय निवडताना तो कुणाच्या मर्जीवर चालणार आहे ते आधी बघा. यंत्राच्या, हवामानाच्या, की परदेशातून येणाऱ्या रसायनाच्या.

भावानं त्या काळात एक वही ठेवली. दोनशे पानी, शाळेची. कुठलं शेत, किती तास, ओल कशी, कुठं दगड लागला, कुठल्या क्रमांकाचं पातं कधी बदललं. ओल मोजायचं यंत्र मी त्याला दिलं होतं. ते पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. मग त्यानं स्वतःची मोजपट्टी केली. मूठभर माती दाबायची आणि सोडायची. गोळा राहिला, फुटला, की बोटांना चिकटला. नंतर मी त्याच मातीचे नमुने वाळवून, वजन करून पडताळले. त्याचे तीन वर्ग आणि माझे टक्के जुळले.

निकाल आले ते असे. प्रयोगशाळेतल्या वाळूत अपेक्षेप्रमाणे सगळं सरळ होतं. २०० अंशांचं पातं सगळ्यात कडक आणि सगळ्यात कमी झिजलेलं, ३५०चं मधलं, ५००चं सगळ्यात जास्त झिजलेलं. शेतातही झिजेचा क्रम तोच होता. पण शेतात चार पाती मोडली. चारही ३५० अंशांची, म्हणजे 'मधली'.

एका अनुभवी माणसानं मला आपुलकीनं सुचवलं की ही चार पाती तक्त्यातून काढून टाक. तुझा विषय झीज आहे, मोडणं नाही. बोल्ट ढिला असेल, दगड मोठा असेल, कारणं पन्नास असतात. चार आकडे काढले की आलेख सरळ होतो आणि सहा महिने वाचतात. यात खोटं असं काही नाही, हेही त्यांनी सांगितलं. श्रोतेहो, तेव्हा माझं विद्यावेतन पाच महिने थकलेलं होतं. घरी सोयाबीनला भाव नव्हता. सहा महिने वाचणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेलो. ते कमी बोलायचे. त्यांनी चारही तुकडे मागून घेतले, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवले आणि म्हणाले, "हे तू ज्याच्या यंत्रातून काढलंस, त्याला काय सांगशील? आलेखात बसत नव्हतं म्हणून?"

ते 'ज्याच्या' म्हणजे माझा भाऊ, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

तुकडे आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले. धातू हा कणांचा बनलेला असतो, भिंत विटांची असते तसा. चांगलं पोलाद मोडताना ओढलं जातं, ताणलं जातं. विटाच फुटतात म्हणा. इथं भेग विटांच्या मधल्या सांध्यांतून गेलेली होती. खडीसाखरेचा तुकडा मोडल्यावर दिसतात तसे स्वच्छ पैलू दिसत होते. पोलादाला साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात टेम्पर केलं तर ते काही वेळा चिवट होण्याऐवजी ठिसूळ होतं, ही गोष्ट पुस्तकांत जुनीच आहे. फॉस्फरससारखी थोडीशी अशुद्धी कणांच्या सांध्यांत जमलेली असेल तर ते आणखी घडतं. मी काही नवा निसर्गनियम शोधला नाही. आमच्या मातीत, आमच्या गारगोट्यांत, या प्रकारच्या पात्यात तो पट्टा धोक्याचा आहे, आणि वाळूच्या चाकावर तो धोका दिसतच नाही, एवढंच मी दाखवलं. खात्यांचं 'मंधात पकडा लागते' बरोबर होतं. मात्र पोलादाचं 'मंधात' तापमापकाच्या मध्यावर नसतं.

प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या चार तुकड्यांवर आहे. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

आता कुणी म्हणेल, साडेपाच वर्षांत एवढंच? हो, एवढंच. व्ही. जी. परांजपे यांचं उदाहरण देतो. गिअर किंवा क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग कडक करायचा तर तो अमोनिया वायूत पाचशे-साडेपाचशे अंशांना ठेवतात, म्हणजे नायट्रोजन आत शिरतो. किती तापमानाला लोखंड आणि नायट्रोजन यांची कोणती संयुगं होतात, याचा नकाशा परांजपे यांनी एमआयटीतल्या कोहेन, बेव्हर आणि फ्लो या प्राध्यापकांबरोबर १९५० साली प्रसिद्ध केला. निबंधावर पहिलं नाव परांजपे यांचं आहे. आज पाऊणशे वर्षांनीही त्या विषयावरच्या पुस्तकांत तो निबंध हमखास सापडतो. आपल्या मोटारसायकलच्या आत कुठंतरी एक मराठी आडनाव फिरत असतं, असं मला ते पान बघताना वाटतं. एका नकाशाएवढं काम पक्कं झालं तरी ते एवढं टिकतं.

ज्या मुलांना या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. एम.टेक.ला गेट परीक्षेतून जाणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.ला मी लागलो तेव्हा सुरुवातीचं विद्यावेतन २५ हजार होतं. जानेवारी २०१९पासून ते ३१ हजार झालं, जानेवारी २०२३पासून ३७ हजार आणि पुढच्या टप्प्यात ४२ हजार. आकडे वाईट नाहीत. पण ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून घरचा हप्ता बांधू नका. दुसरं, मार्गदर्शक बघा, इमारत नंतर बघा. डॉ. रघुनाथ माशेलकर यांची पीएच.डी. परदेशातली नाही, मुंबईच्या यूडीसीटीतली आहे, १९६९ची, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखालची. प्रवेश घेण्यापूर्वी त्या मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. किती वर्षं लागली, मध्येच किती सोडून गेले, ते विचारा. सोडून गेलेल्यांचा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो, म्हणून तर तो विचारायचा.

आणि वऱ्हाडातल्या मुलांना वाटतं, हे सगळं पुण्या-मुंबईतच असतं. आमच्या भागातून अमरावतीमार्गे नागपूरला जाताना शहराच्या तोंडाशी वाडी लागते. तिथं १९८९ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. नागपुरातच विश्वेश्वरय्या संस्थेत, म्हणजे व्हीएनआयटीत, धातू आणि पदार्थ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. तुमची एसटी यांच्या जवळून जाते.

माझी तोंडी परीक्षा २०२१ साली झाली. साथीमुळे सगळं पडद्यावर होतं. मी धनजलाच होतो, घरात, कारण संस्थेचं वसतिगृह बंद होतं. नेटवर्क बरं मिळावं म्हणून भावानं गच्चीवरच्या खोलीत टेबल लावलं. आईवडील मागं खाटेवर बसले होते, त्यांना बोलायची सक्त मनाई होती. परीक्षकांनी विचारलं, एकोणीस क्रमांकाचं पातं मोडलं तेव्हा मातीत ओल किती होती? माझ्या तक्त्यात सरासरी होती, त्या दिवसाची नोंद नव्हती. भावानं वही उघडून माझ्यापुढं सरकवली. 'गोळा फुटतो. धुऱ्याजवळ गोटा.' मी ते प्रमाण भाषेत सांगितलं. धुरा म्हणजे बांध, हे परीक्षकांना वेगळं सांगावं लागलं.

आता मी एका महाविद्यालयात शिकवतो. खाती आता राहिले नाहीत, त्यांची ऐरण त्यांच्या मुलानं वेल्डिंगच्या दुकानात ठेवली आहे. भाऊ पाती घ्यायला गेला की दुकानदाराला विचारतो, टेम्परिंग किती अंशांना केलं आहे. दुकानदार म्हणतो, कंपनीचं आहे, बिनधास्त न्या. मग भाऊ खिशातून कानस काढतो आणि पात्याच्या टोकावर घासून बघतो. कानस घसरली तर पातं कडक, धरली तर नरम. ठिसूळपणा त्यानं कळत नाही, हे त्यालाही माहीत आहे. म्हणून तो दर हंगामात मोडलेली पाती वेगळ्या पोत्यात टाकतो आणि वर तारीख लिहितो.

गेल्या दिवाळीत त्यानं नवा प्रश्न काढला आहे. "भाऊ, रातभर वल्ली माती चिपकून राह्यली, तं दुसऱ्या दिवशी पातं जास्त झिजते का?" त्याच्या वहीत तसं दिसतं, पण वही एका ट्रॅक्टरची, एका गावाची. ओलाव्यानं गंज चढतो, गंजाचा थर मातीत लगेच निघून जातो आणि खाली नवं पोलाद उघडं पडतं, असं होत असेल तर गंज आणि झीज मिळून दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नुकसान करतील. हे मोजायला दोन-तीन हंगाम लागतील, आणि एक असा विद्यार्थी, ज्याला ऑक्टोबरच्या चिखलात उभं राहून पाती धुवायला आणि तोलायला कंटाळा येणार नाही. वह्या आता चार झाल्या आहेत. पाती पोत्यांत भरून ठेवलेली आहेत, क्रमांकासहित.